मध्ये कुठे उठलास?

रविवार, ता. ९ फेब्रुवारी
दुपारी, जेवण उरकून

ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. लांबूनच घे, कारण हात अजून तेलाचे आहेत. कागदाच्या कोपऱ्यावर जो काळा अंगठा उठलाय तोही माझाच. दाजींना नमस्कार आणि चिमीच्या दोन्ही गालांना एकेक चिमटा. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. लाँड्रीतली नोकरी अजून आहे, सोडलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तू म्हणशील, काल तर फोनवर बोललो, आज पत्र कशाला? एक म्हणजे, डॉक्टरांनी तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, असं दाजींनी काल रात्री लिहून कळवलं. तू आणि गप्प! मला आधी वाटलं दाजी चेष्टा करतायत. फोन केला की तू बोलणारच, आणि माझ्याशी बोलताना आवाज चढवल्याशिवाय तुला जमत नाही. म्हणून पत्र. यात मीच बोलणार आणि तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. जन्मात पहिल्यांदा अशी संधी मिळालीय, सोडतो होय!

दुसरं कारण खरं आहे. काल तू विचारलंस, "सगळ्यांचे फोन आले. तुझाच नाही आला. होतास कुठे?" आणि मी म्हणालो, "स्कूटर बिघडली होती."

मग तू थेट फोन दाजींच्या हातात दिलास. तेही "बरं बरं, ठेवतो" म्हणाले आणि ठेवलाच. मी आपला कानाला लावून उभा.

ताई, ते खोटं नव्हतं. स्कूटर बिघडलीच होती. पण ते अर्धं झालं. राहिलेलं अर्धं फोनवर सांगता येईना, म्हणून बसलोय. अक्षर लागत नसेल तर मला दोष देऊ नकोस. शाळेत माझ्या वह्या तूच लिहायचीस, त्याची फळं आता तूच भोग.

तर स्कूटर. ती माझी नाही. माझ्या खोलीतला जोडीदार बेकरीत कामाला आहे, त्याची. त्याला सगळा जिना 'भट्टी' म्हणतो, कारण काम भट्टीवर आणि डोकंही तसंच तापलेलं. गाडी त्याच्या मामाकडून आलेली, वयाने माझ्याहून मोठी. रोज पहाटे तो तिच्यावरून बेकरीत जातो. सकाळी थोडी खोकायची, दोन किका जास्त मागायची. एवढंच. तेवढं तर त्या वयात माणसाचंही होतं. पण मी त्याला येता-जाता म्हणायचो, "एकदा उघडून बघतो, नीट करून देतो." आणि तो म्हणायचा, "हात लावलास तर हात तोडीन."

गुरुवारी आमची लाँड्री बंद असते. तुझं ऑपरेशन गुरुवारी.

तू आधीच बजावलं होतंस, "येऊ नकोस. इथे येऊन करणार काय? दवाखान्याच्या खुर्च्या मोडशील. आणि रजा मागायला गेलास की भांडून नोकरीच सोडून येशील, ओळखते मी तुला." ओळखतेस खरी. म्हणून नाही आलो. पण सकाळी उठलो आणि या हातांना काय काम द्यावं ते कळेना. चादर धुतली. ती धुतलेलीच होती. खिडकीची कडी घट्ट केली, ती इतकी घट्ट झाली की आता खिडकी उघडत नाही. भट्टी कामावरून येऊन घोरत पडला होता. त्याची किल्ली खिळ्याला होती.

मी खाली गेलो आणि स्कूटर उघडली. विचारलं नाही.

जुनी चादर अंथरून एकेक भाग तिच्यावर ओळीने मांडला. प्लग घासला. इंजिनाचं हेड काढून आतली काजळी खरवडली. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर सोडवला, पेट्रोलमध्ये धुतला, त्याच्या बारीक भोकांतून तोंडाने फुंकर मारली. जिभेला अजून ती चव आहे, चहासुद्धा पेट्रोलचा लागतो. तुला आत कधी नेणार ते दाजींनी सांगून ठेवलं होतं. पण मी किती वाजले ते बघायचंच नाही असं ठरवलं होतं. जिन्याच्या सावलीत बसलो होतो, म्हणजे ऊन कुठवर आलं तेही दिसायला नको.

मग सगळं परत जोडलं. एकही नट उरला नाही. पहिल्या किकला सुरू! मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आणि मग ती पिसाळली. मी हात सोडलेला, तरी आपोआप रेस वाढत गेली, वाढत गेली, वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. मग एकदम दम तुटल्यासारखी खाली आली, दोन आचके दिले आणि बंद. पुन्हा किक, पुन्हा तेच. मधूनच मागून फटाक्यासारखा आवाज. तिसऱ्या आवाजाला भट्टी बनियनवर खाली धावत आला.

"काय केलंस?"

"साफ केली."

"साफ केली की साफ मारली?"

तुला सांगतो, तो चिडला असता तर परवडलं असतं. तो चिडला नाही. पायरीवर बसून स्कूटरकडे बघत राहिला, माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतो तसा. मग म्हणाला, "पहाटे मी चालत जाईन. पण तू हिला पुन्हा हात लावायचा नाही."

मी लावला. शुक्रवारी कामावरून आलो तो तसाच तिच्यापाशी. नवा प्लग घातला. पेट्रोल काढून ताजं भरलं. कार्ब्युरेटरचा स्क्रू आत पिळला, बाहेर पिळला, पुन्हा आत. काही फरक नाही. एकच गंमत दिसली. चोक ओढला की ती शहाण्यासारखी चालायची, एका सुरात. चोक सोडला की पुन्हा अंगात यायचं. ते दिसलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. डोकं जाग्यावर नव्हतं. त्या दिवशी लाँड्रीत दवाखान्याचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला होता, ती हिरवी कापडं. इस्त्रीवाल्याला म्हटलं, गठ्ठा बदलतोस का? तो म्हणाला, "अरे धुतलेली आहेत, चावतात का?" बदलला बिचाऱ्याने.

भट्टी दुसऱ्या पहाटेही चालत गेला. जाताना दारातून म्हणाला, "आधी नुसती खोकत होती. तू औषध दिलंस, आता दमा झाला."

काल शनिवारी संध्याकाळी त्याने मला कॉलरला धरलं. स्कूटर त्याने पुढून धरली, मी मागून ढकलली, आणि आम्ही मास्तरणीकडे गेलो. गेलो म्हणजे काय, आमच्याच इमारतीच्या कोपऱ्यावर तिचं गॅरेज आहे. चांगली थोराड बाई, चष्मा दोरीने गळ्यात, बसायला उलटी बादली. नवरा गेल्यावर त्याचं गॅरेज तिनेच चालवायला घेतलं. तिला मास्तरीण म्हणतात, कारण गाडीला हात लावायच्या आधी ती गाडीवाल्याची परीक्षा घेते. मी म्हणूनच दोन दिवस तिच्याकडे जायचं टाळत होतो.

तिने बसल्या जागेवरून विचारलं, "बिघडली का उघडली?"

"म्हणजे?" मी.

"आपोआप बिघडली, का घरी उघडली?"

"उघडली," भट्टी म्हणाला. "मी झोपलेला असताना. चोरासारखी."

"आपोआप बिघडलेली मी उघडून बघते. घरी उघडलेली आली की आधी माणसाला विचारते." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जोडताना मध्ये कुठे उठलास?"

"कुठेच नाही."

"जेवायला?"

"नाही."

"कोणी हाक मारली? फोन आला?"

"नाही म्हटलं ना. एका बैठकीत जोडली."

तिने चष्मा लावला आणि जरा वेळ मलाच बघितलं. मग म्हणाली, "बरं. सुरू कर."

सुरू केली. बया लगेच किंचाळायला लागली. मास्तरणीने चोक ओढला, शांत. सोडला, पुन्हा तमाशा. "चोक काय करतो?" तिने विचारलं. मी म्हणालो, हवा कमी करतो. "मग हवा कमी केल्यावर ही नीट चालते. म्हणजे काय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे हवा जास्त होतेय. कुठून तरी चोरून आत येतेय.

मग तिने तेलाची कुपी घेतली आणि ब्रशने एकेका सांध्यावर तेल लावत गेली. हेडपाशी लावलं, काही नाही. खाली लावलं, काही नाही. कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला बसतो तिथे लावलं, आणि ताई, क्षणभर ती स्कूटर अशी चालली, जशी नवी. तेल फटीत गेलं, फट बुजली. तेल आत ओढलं गेलं, मागून पांढरा धूर आला आणि पुन्हा पहिले पाढे.

मास्तरणीने इंजिन बंद केलं. त्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे उठलास."

मी तेलाची कुपी उचलून तिचं झाकण लावायला लागलो.

तिने पाना घेतला. एक नट पान्याने सुटला. दुसऱ्याला पाना लावावाच लागला नाही, बोटांनी फिरला. कार्ब्युरेटर बाजूला झाला तर मध्ये पॅकिंगच नाही. पॅकिंग म्हणजे पुठ्ठ्यासारखी जाड चकती असते, दोन लोखंडांच्या मध्ये बसते, तिच्यामुळे हवा शिरत नाही. ते मी बसवलंच नव्हतं.

"कुठाय?" मास्तरीण.

"पडलं असेल कुठेतरी. नवं कापून द्या."

"नवं देते की कापून. पण जुनं कुठे गेलं ते कळल्याशिवाय मी हिला किक मारू देणार नाही. त्याचा तुकडा इंजिनाने आत ओढला असेल तर? मग सगळं खोलावं लागेल, खालपर्यंत. तुला नक्की माहीत आहे का ते आत नाही?"

मला नक्की माहीत होतं. कुठे आहे तेही माहीत होतं. आत्ता, तिने विचारल्यावर आठवलं असं नाही. फट सापडली तेव्हाच आठवलं होतं.

"वर आहे," मी म्हणालो. "खोलीत. बिस्किटांच्या डब्यात."

भट्टी म्हणाला, "बिस्किटांच्या डब्यात? का, भूक लागली होती?"

आता ऐक. गुरुवारी मी पॅकिंग हातात घेतलं होतं, कार्ब्युरेटर एका नटावर अडकवला होता, आणि चादरीवर ठेवलेला फोन वाजला. दाजींचं नाव.

मी उचलला नाही.

तो वाजत राहिला आणि मी बघत राहिलो. बंद झाला. पुन्हा वाजला. ताई, आईच्या वेळी मी फोन पहिल्या रिंगला उचलला होता. तेव्हाही दाजीच होते. त्यांनी फक्त "लगेच नीघ" म्हटलं आणि मला सगळं कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की मी उचलला नसता तर अजून काही झालं नसतं. वेडेपणा आहे, मला कळतं. पण गुरुवारी तो वेडेपणा परत आला. जोवर मी उचलत नाही तोवर तिकडे सगळं ठीक आहे. तू आत आहेस, झोपलेली आहेस, आणि कोणी अजून काही म्हणालेलं नाही.

मी फोन बंद केला. वर गेलो, भट्टीच्या उशाजवळ त्याचा सुईदोऱ्याचा बिस्किटांचा डबा असतो, त्यात टाकला आणि झाकण दाबलं. हातात पॅकिंग होतं, तेही गेलं आत. मग नळाखाली हात धुतले. खूप वेळ धुतले. इंजिन अर्धं खाली पडलेलं असताना कोणी हात धुतं का? धुतले. मग खाली येऊन राहिलेलं जोडत बसलो, जसं काही झालंच नाही.

आणि दोन दिवस तो डबा उशाशी होता. भट्टी झोपलेला असला की मी त्याच्याकडे बघायचो. डब्याकडे.

काल मी जिना चढलो तेव्हा भट्टी मागोमाग आला. मला वाटलं टोमणा मारणार. मी झाकण काढलं. वर पॅकिंग, खाली फोन. पॅकिंगवर बटणाचा शिक्का उठला होता. मी पॅकिंग घेतलं आणि झाकण परत लावायला लागलो. त्याने डबा धरला.

"फोन इथे काय करतोय?"

"राहू दे."

"कोणाचा फोन आला होता?"

मी सांगितलं. तुझी गळ्याची गाठ, ऑपरेशन, गुरुवार. दोन वाक्यांत सांगितलं. एका खोलीत राहतो आम्ही, पण त्याला काहीच माहीत नव्हतं. तो खाली बसला. म्हणाला, "गाढवा, मग मला उठवायचं ना. स्कूटर कशाला उघडलीस, मला उठवायचं." मग त्याने फोन सुरू केला. एकामागून एक टिंग टिंग टिंग, थांबेचना. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, तू वाच. मला वाचता येत नाही.

"येतं तुला वाचायला."

"आत्ता येत नाही."

त्याने वाचलं. दाजी लिहितात कसे ते तुला माहीत आहे, तार केल्यासारखं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली. फोन घे. ताई विचारते. रिपोर्ट आला. गाठ साधी. फोन घे. काळजी नाही. फोन घे.

"साधी म्हणजे?" मी विचारलं.

"साधी म्हणजे साधी. वाईट नाही. इथे लिहिलंय ना, काळजी नाही."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. मग मी हातात घेऊन स्वतः वाचलं. मग कसं काय ते माहीत नाही, मी भट्टीच्या गादीवर बसलो होतो आणि तो खिडकी उघडायला बघत होता, मला वारा लागावा म्हणून. आणि ती उघडेना, कारण मी कडी आवळून ठेवली होती. शेवटी त्याने लाथ घातली. खालून मास्तरीण ओरडली, "सापडलं का?"

भट्टीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "सापडलं! आणि गाठ साधी निघाली!"

"कसली गाठ?"

"बहिणीची!"

 मग मास्तरीण म्हणाली, "मग आधी तिला फोन करू दे त्याला. मी थांबते."

पण फोन करण्याआधी आणखी एक होतं. तू पाठवलेला आवाज. "गाढवा, कुठे आहेस?" एवढंच. मी ते ऐकलं आणि मला तो तुझा आवाजच वाटेना. घोगरा, फाटका, मध्येच हवा गेल्यासारखा. गल्लीच्या टोकावरून हाक मारलीस तर मी पतंग टाकून पळत यायचो, तो आवाज कुठे गेला? मी पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा का पाचव्यांदा 'गाढवा' मधला 'ढ' ऐकू आला. तो तुझाच. तसा 'ढ' दुसऱ्या कोणाला म्हणता येणार नाही.

म्हणून तुला फोन लावला तेव्हा माझं हे असं झालेलं होतं. दारात भट्टी, जिन्यात दोन शेजारणी, खाली मास्तरीण. तू विचारलंस होतास कुठे, आणि माझ्या तोंडून तेवढंच निघालं, स्कूटर बिघडली होती. त्या वेळी मला ते सगळं सांगितल्यासारखंच वाटलं होतं. तू फोन दाजींना दिलास तेव्हा कळलं, तुला काय ऐकू गेलं असेल.

तर हे राहिलेलं अर्धं. तू तिथे गळा कापून पडली होतीस, शुद्धीवर आल्यावर मला शोधत होतीस, आणि मी तुला बिस्किटांच्या डब्यात कोंडून ठेवलं होतं. रागव. पण आत्ता नको, आवाज परत आल्यावर रागव. दाजींनी लिहिलंय, डॉक्टरांच्या मते हळूहळू पहिल्यासारखा होईल. तोवर माझ्या नावाने राग साठवून ठेव.

स्कूटरचं सांगायचं राहिलं. मी खाली गेलो तेव्हा मास्तरीण त्याच बादलीवर बसली होती. पॅकिंग हातात घेऊन तिने उजेडात धरलं, कुठे तुटलंय का बघितलं. अख्खं होतं. "बस," म्हणाली, "तूच बसव. पण आता उठू नकोस." मी पॅकिंग बसवलं, कार्ब्युरेटर लावला, एक नट थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला, असं दोन्हीकडून सारखं आवळत नेलं, ती सांगत होती तसं. ती उगाच दुसरीकडे बघत होती आणि भट्टी शेंगा सोलून मला भरवत होता, म्हणजे मला हात काढावा लागू नये.

किक मारली. ताई, काय सांगू. एका लयीत, हळू, शांत. रेस दिली की वर, सोडली की अलगद खाली. सकाळचा खोकलाही गेलाय. भट्टी आज गाडीवरून कामाला गेला आणि परत येऊन म्हणाला, "मामाच्या वेळीसुद्धा अशी चालत नव्हती." मग घाईघाईने म्हणाला, "तरी पुन्हा हात लावायचा नाही."

मला आज कसलं हलकं वाटतंय म्हणून सांगू. दुपारी जेवणानंतर मी चक्क झोपलो, दिवसाउजेडी, बसल्या जागी. इतके दिवस पाय नुसते हलत होते, आज हलत नाहीत. लाँड्रीच्या मालकांकडे मी उद्या रजा मागणार आहे. भांडून नाही, नीट. मिळाली तर येतो. नाही मिळाली तर नोकरी न सोडता पुढच्या महिन्यात येतो. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय, तू जपून ठेव.

फोन आता डब्यात नाही. मी जिथे बसतो तिथे खिळा ठोकलाय, त्याला पिशवीत टांगलाय. हे पत्र मिळालं की एक कर. दाजींच्या नको, तुझ्या फोनवरून मला रिंग दे. बोलू नकोस. मी खाली जाऊन स्कूटर सुरू करीन आणि फोन तिच्याजवळ धरीन. तू ऐक. नीट चालतेय असं वाटलं तर फोनवर नखाने दोनदा टिचकी मार, लहानपणी झोपताना मधल्या भिंतीवर मारायचीस तशी. तेवढं मला पुरेल.

हात साबणाचे असोत, तेलाचे असोत, इंजिन अर्धं खाली पडलेलं असो. यापुढे

पहिल्या रिंगला उठणारा,
तुझा गाढव